पहिली बीअर निवडताना

शहरातल्या बीअर शॉपीच्या फ्रिजमध्ये एकेकाळी दोन-तीन ओळखीची लेबले दिसत. आज त्याच काचेआड बेल्जियमची गव्हाची बीअर, जर्मनीची वाइसबीअर, आयर्लंडची काळीभोर स्टाउट आणि देशी कंपन्यांच्या नव्या-जुन्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने जागेवरच तयार केलेली ताजी बीअर विकायला सुरुवात केली. त्यानंतर पुणे-मुंबईच्या ग्राहकाला मायक्रोब्रुअरी हा शब्दही परिचयाचा झाला.

निवड वाढली, तरी नव्याने बीअर चाखू पाहणाऱ्याची सुरुवात बहुधा जुन्याच पद्धतीने होते. मित्र स्ट्राँग बीअरची मोठी बाटली पुढे करतो. ‘पैसे वसूल व्हायला हवेत’ हा त्यामागचा हिशेब असतो. मग तो नवखा माणूस दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. बीअर म्हणजे कडवट, जड आणि डोके धरणारे पेय, हा पहिला. बीअर नशेसाठीच प्यायची असते, हा दुसरा. दोन्ही निष्कर्ष चुकीच्या बाटलीवरून काढलेले असतात. बीअरची निवड नावावरून, रंगावरून किंवा ‘किक’वरून न करता चवीच्या पायरीने केली, तर हे पेय काय आहे ते समजते आणि मर्यादाही सांभाळता येते.

आधी टक्का वाचा

लेबलवर सर्वप्रथम पाहायची गोष्ट म्हणजे अल्कोहोलचे प्रमाण. आपल्याकडे पाच टक्क्यांपर्यंतची बीअर माइल्ड आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग समजली जाते. हा फरक कागदावर लहान वाटतो. प्रत्यक्षात ३३० मिलिलिटरच्या, पाच टक्के अल्कोहोल असलेल्या एका पाइंटमध्ये सुमारे साडेसोळा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ६५० मिलिलिटरच्या, आठ टक्क्यांच्या बाटलीत ते ५२ मिलिलिटर भरते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये ते जेमतेम तेरा मिलिलिटर असते. म्हणजेच स्ट्राँग बीअरची एक मोठी बाटली चार छोट्या पेगांच्या बरोबरीची ठरते. ‘मी दारू घेत नाही, फक्त बीअर घेतो,’ असे सांगणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे.

चवीच्या दृष्टीनेही स्ट्राँग ही सुरुवातीची बीअर नव्हे. वाढलेल्या अल्कोहोलची ऊष्ण, तिखटसर चव धान्याच्या आणि हॉप्सच्या नाजूक चवींना झाकून टाकते. नवशिक्याने प्रारंभी पाच टक्क्यांच्या आतच राहावे.

चार घटक, दोन घराणी

बीअर मूलतः चार गोष्टींनी बनते : पाणी, मोड आणून वाळवलेले धान्य म्हणजे मॉल्ट, हॉप्स आणि यीस्ट. मॉल्ट बहुधा बार्लीचा, क्वचित गव्हाचा असतो. तो गोडवा, रंग आणि अंगचा भरीवपणा देतो. हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी फुले. त्यांच्यामुळे कडवटपणा व सुगंध येतो. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि जाता जाता स्वतःचे गंधही मागे ठेवते.

यीस्टच्या प्रकारावरून बीअरची दोन मोठी घराणी पडतात. थंड तापमानात सावकाश आंबवलेली आणि पुढे काही आठवडे गारव्यात मुरवलेली ती लागर. जर्मन भाषेत या शब्दाचा संबंध साठवणुकीशी आहे. तुलनेने उबदार तापमानात लवकर आंबवलेली ती एल. लागरची चव स्वच्छ व सरळ असते, तर एलमध्ये फळांचे आणि मसाल्यांचे गंध अधिक जाणवतात. एवढी वर्गवारी ध्यानात ठेवली, तरी मेनूकार्डावरची निम्मी नावे उलगडतात.

चढत्या पायऱ्या

पहिली पायरी साध्या माइल्ड लागरची. आपल्या ओळखीच्या बहुतेक देशी माइल्ड बीअर याच प्रकारच्या असतात. कडवटपणा कमी, चव हलकी. येथे जीभ केवळ मॉल्ट आणि हॉप्सची तोंडओळख करून घेते.

दुसरी पायरी गव्हाच्या बीअरची. कडवटपणा नको असणाऱ्यांनी थेट येथूनच आरंभ केला तरी चालेल. बेल्जियन पद्धतीच्या बीअरमध्ये, उदाहरणार्थ ‘हूगार्डन’मध्ये, संत्र्याची साल आणि चक्क धने घातलेले असतात. त्यामुळे मराठी जिभेला ती फारशी परकी वाटत नाही. जर्मन वाइसबीअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. गंमत म्हणजे तिच्यात केळे नसते की लवंग. हे दोन्ही गंध यीस्टनेच निर्माण केलेले असतात.

तिसरी पायरी पिल्सनरची. चेक प्रजासत्ताकातील पिल्झेन शहरात १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने सोनेरी, पारदर्शक लागर तयार केली आणि जगभरच्या फिकट लागरना तिचा आदर्श मिळाला. साध्या लागरपेक्षा हिच्यात हॉप्सचा कडवटपणा स्पष्ट असतो, पण मॉल्टच्या गोडव्याने तो तोललेला असतो. कारल्याच्या भाजीत गूळ का घालतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा तोल सहज कळेल.

चौथी पायरी स्टाउटची. भाजलेल्या बार्लीमुळे तिला कॉफीची, कडू चॉकलेटची छटा येते. येथेच रंगाविषयीचा मोठा गैरसमज दूर होतो. काळी बीअर म्हणजे कडक बीअर, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ‘गिनेस ड्राफ्ट’मध्ये अल्कोहोल सुमारे ४.२ टक्के, म्हणजे आपल्या अनेक सोनेरी बीअरपेक्षा कमीच असते. रंग धान्य किती भाजले ते सांगतो, नशा किती ते सांगत नाही.

पाचवी पायरी इंडिया पेल एल अर्थात आयपीएची. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन यांच्या कारखान्यातील बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानातील गोऱ्यांसाठी येत असे. हॉप्स बीअरला टिकाऊपणा देतात, त्यामुळे भरपूर हॉप्सची बीअर या प्रदीर्घ प्रवासाला योग्य ठरली. आपल्या देशाचे नाव तिला चिकटले ते असे. आजची आयपीए लिंबूवर्गीय फळांच्या वासाची, पण ठसठशीत कडू असते. काही लेबलांवर आयबीयू हा कडवटपणाचा आकडा दिलेला असतो. गव्हाच्या बीअरमध्ये तो साधारण आठ ते वीस, तर आयपीएमध्ये चाळीस ते सत्तर असतो. म्हणूनच ही पायरी शेवटी. शिवाय आयपीए अनेकदा पाच टक्क्यांच्या वर असते, तेव्हा तिचा पेला लहानच असावा.

तारीख, गारवा आणि चकणा

बीअर ही ताजेपणाची वस्तू आहे. ती ठेवून मुरत नाही, बहुधा बिघडते. उत्पादनाची तारीख पाहावी आणि त्यातल्या त्यात अलीकडची बाटली घ्यावी. हॉप्समधील घटकांवर प्रकाश पडला की बीअरला उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच त्यापासून बरेच संरक्षण देते, हिरवी व पारदर्शक काच कमी देते. उन्हात मांडलेली बाटली टाळावी.

बर्फासारखी थंडगार बीअर उन्हाळ्यात सुखावते खरी, पण अतिथंडाव्याने जीभ बधिर होते. लागर फ्रिजमधून काढून लगेच घ्यावी, स्टाउट वा आयपीए मात्र पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावी. बाटलीला तोंड लावण्यापेक्षा स्वच्छ पेल्यात ओतावी. फेसाबरोबर गंध वर येतो आणि चवीचा मोठा भाग गंधातूनच कळतो.

चकण्याचाही विचार हवा. तळलेले बोंबील किंवा भजी यांच्याबरोबर हलकी लागर वा गव्हाची बीअर उत्तम, कारण तिच्यातील वायूचे बुडबुडे तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात. तांबड्या रश्श्यासोबत कडू आयपीए मात्र नको. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात.

मर्यादेची पायरी

नवे प्रकार चाखायचे म्हणजे एका बैठकीत पाचही पायऱ्या चढायच्या, असे नव्हे. एका वेळी एक प्रकार, दोघा-तिघांत एक बाटली वाटून घेणे, हा शहाणपणाचा मार्ग. मायक्रोब्रुअरीत लहान पेल्यांतून नमुने मिळत असतील, तर ते घ्यावेत. पोट रिकामे नसावे, सोबत पाणी असावे आणि घरी परतताना गाडीची किल्ली आपल्या हाती नसावी.

महाराष्ट्रात बीअर पिण्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असणे आणि परवाना असणे कायद्याने आवश्यक आहे. अल्कोहोलची पूर्णतः निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे जो पीत नाही, त्याने केवळ कुतूहलापोटी किंवा मित्रांच्या आग्रहाखातर आरंभ करावा, असे या लेखाचे सांगणे नाही. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि नियमित औषधे घेणारे यांनी तर दूरच राहावे.

मात्र ज्याने चाखायचे ठरवलेच आहे, त्याने बाटली हातात घेतल्यावर ‘किती चढेल’ याऐवजी ‘चव कशी असेल’ हा प्रश्न विचारावा. चवीसाठी पिणाऱ्याला एक पेला पुरतो, आणि दुसरा नको म्हणणे त्याला अवघड जात नाही.