जखम आखडू न देणारा स्पंज

३ ऑगस्टचा अवयवदान दिन आला की डोळे, मूत्रपिंड, यकृत, हृदय यांच्यावर भरभरून लिहिले जाते. त्वचेला एखादी ओळ मिळते. नवी मुंबईत तरी असे होऊ नये, कारण जळालेल्यांसाठी झटणारे नॅशनल बर्न्स सेंटर आणि त्याची त्वचापेढी आपल्याच ऐरोलीत आहे. त्वचादानाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: आता कृत्रिम त्वचा निघाली आहे, मग मृताची त्वचा कशाला?

जिला कृत्रिम त्वचा म्हणतात ती वस्तू म्हणजे एक पांढरा, पातळ स्पंज. त्याचे मोल कळायला आधी जखम कशी भरते ते पाहावे लागते. शरीराला जखम बुजवायची घाई असते. कडा आत ओढल्या जातात आणि उरलेली जागा व्रणाने भरते. गुडघा खरचटला तर त्याने काही बिघडत नाही. पण गळा आणि छाती खोलवर भाजली असेल तर हीच ओढ हनुवटी छातीला चिकटवते. कोपर सरळ होत नाही, पापणी मिटत नाही, बोटे तळहाताकडे वळतात. जीव वाचलेला माणूस काही महिन्यांनी असा आखडत जातो, आणि मग एकामागून एक शस्त्रक्रिया सुरू होतात.

अमेरिकेतल्या एमआयटीचे आयोनिस यानास मुळात बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे अभ्यासक. शल्यविशारद जॉन बर्क यांच्याबरोबर १९७०च्या दशकात ते भाजलेल्या जखमेसाठी आच्छादन शोधत होते. जखम लवकर मिटावी एवढीच अपेक्षा होती. गिनीपिगवर एकामागून एक पडदे लावून पाहिले, तर कशानेच वेग वाढेना. उलट कोलॅजन या प्रथिनाच्या एका पडद्याखाली जखम नेहमीपेक्षा सावकाश आक्रसू लागली. हा प्रयोग फसला म्हणून बाजूला टाकता आला असता. यानास यांनी तो धरून ठेवला. कडा ओढल्या गेल्या नाहीत तर मधल्या जागेत व्रणाऐवजी खरी अंतस्त्वचा उगवू शकते, हे त्यातून पुढे आले. मला या संपूर्ण विषयातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. शरीराला नवे काही शिकवावे लागले नाही. त्याची घाई तेवढी थोपवावी लागली.

१९८१ मध्ये दोघांनी शरीराचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग भाजलेल्या १० रुग्णांवरचे या स्पंजाचे अनुभव प्रसिद्ध केले. अमेरिकी औषध प्रशासनाची मंजुरी १९९६ मध्ये आली. ‘इंटेग्रा’ या नावाने तो स्पंज आज जगभर वापरला जातो.

तो करण्याची रीत मोठी सुरेख आहे. गाईच्या स्नायुबंधातले कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतले कॉन्ड्रॉइटिन यांचा लगदा गोठवतात. त्यात बर्फाचे स्फटिक तयार होतात. मग निर्वातात तो बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो आणि त्याच्या जागी छिद्रे उरतात. घावनाला जाळी वाफेने पडते, इथे ती बर्फाने पडते. छिद्र साधारण २० ते १२० मायक्रोमीटरचे, केसाच्या जाडीच्या आसपास. त्यातून पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. इंग्रजीत अशा स्पंजाला परांचीचे नाव दिले आहे. मला वेलीचा मांडव अधिक पटतो. फक्त हा मांडव वेल चढताचढता स्वतःच विरघळतो. लवकर विरघळला तर आधार जातो, फार रेंगाळला तर भोवती व्रण धरतो.

स्पंज प्राणिज आहे, हे रुग्णाच्या घरच्यांना आधी सांगितलेच पाहिजे. त्याची किंमतही सरकारी वॉर्डातल्या कुटुंबाला झेपणारी नाही. म्हणून आपल्याकडचे प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांच्या गटाने रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनापासून सच्छिद्र रचना घडवल्या; त्या हाडातली पोकळी भरण्यासाठी असल्या तरी तत्त्व तेच. कोळंबीच्या टरफलांपासून निघणारे कायटोसानही अशा स्पंजांसाठी वापरता येते, आणि कोळंबीची आपल्या किनाऱ्याला वाण नाही. मुंबईची परंपराही अशा हाताशी असलेल्या साधनांचीच आहे. वाडिया रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली, तर शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची. त्या पट्ट्या उथळ भाजण्यावर झाकण म्हणून होत्या, पण गरिबाला परवडेल ते शोधण्याची ती दृष्टी इथेही हवी.

आता सुरुवातीच्या त्या प्रश्नाचे उत्तर. स्पंज अंतस्त्वचा उगवू देतो; बाह्यत्वचा नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्यावर रुग्णाच्याच अंगावरची पातळ त्वचा लावावी लागते. साठ-सत्तर टक्के भाजलेल्या माणसाकडे ती पुरेशी नसते. स्पंजाखाली जंतुसंसर्गाची भीतीही राहते. स्वतःची त्वचा पुरेशी मिळेपर्यंत उघडे अंग झाकून पाणी आणि प्राण राखते ती दात्याची त्वचा.

ती मांड्या, पाय आणि पाठीवरून, पातळ थरात, पाऊण तासात घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते. मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पेढीचे पथक पोचावे लागते, आणि त्या वेळी निर्णय घरच्यांना घ्यायचा असतो. तुमची इच्छा असेल तर ती आजच जेवायला बसल्यावर घरच्यांना सांगून ठेवा.