गॅमा-डेल्टा पेशी जागी कशी होते?



आजचा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल की, हा कामगार चळवळीतला माणूस वैद्यकात कशाला शिरला? प्रश्न रास्त आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. पण फौंड्रीच्या कामगारांत ज्याची हयात गेली, त्याला क्षयाची ओळख करून घ्यावीच लागते. वाळूची बारीक धूळ छातीत बसली की क्षयाला वाट मोकळी होते. आणि ज्या घरात खोकला शिरतो, त्याच घरातून ‘प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या’ बाटल्यांवर पगारातले पैसे जाताना दिसतात. तेव्हा ही शक्ती जागी होते म्हणजे नेमके काय होते, हे मुळातून समजून घ्यावे असे मनाने घेतले. सारे शास्त्र एका तासात सांगण्याचा माझा वकूब नाही. तिच्यातील एकाच जातीच्या पेशीची हकीकत आज सांगतो.

रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाचा एक वर्ग आहे. अस्थिमज्जेत त्यांचे मूळ, आणि छातीच्या हाडामागील यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजे थायमसमध्ये, त्यांची तयारी होते. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर दोन प्रथिन-साखळ्यांचा एक पंजा असतो. त्याला ग्राही म्हणतात. बहुसंख्य पेशींत या साखळ्या अल्फा आणि बीटा नावाच्या असतात. दुसऱ्या जोडीचे नाव गॅमा आणि डेल्टा. तिचा पत्ता पुष्कळ उशिरा लागला. १९८४ साली गॅमा साखळीचे जनुक हाती आले आणि १९८६ साली हा पंजा धारण करणाऱ्या पेशी माणसाच्या रक्तात ओळखता आल्या. निरोगी प्रौढाच्या रक्तातील टी पेशींत त्या साधारणपणे शंभरात एक ते पाच, क्वचित दहापर्यंत भरतात.

या दोन जातींच्या कामाची रीत वेगळी आहे. कारखान्यात यंत्र बिघडले की ते दोन मार्गांनी कळते. एक मार्ग कागदाचा: तुटलेला भाग तबकात घालून साहेबापुढे ठेवायचा, मग हुकूम सुटायचा. अल्फा-बीटा पेशी या मार्गाने चालतात. जंतूच्या प्रथिनाचा तुकडा आपल्याच एखाद्या पेशीने विशिष्ट तबकात घालून पुढे धरला, तरच त्या तो ओळखतात. दुसरा मार्ग जुन्या फिटरचा. तो यंत्र उघडत नाही. कवचावर तळहात ठेवतो आणि आतली थरथर बाहेरून ओळखतो. आपल्या रक्तातील बहुतेक गॅमा-डेल्टा पेशी या दुसऱ्या रीतीने काम करतात. त्यांची साखळी गॅमा-९ आणि डेल्टा-२ अशी आहे.

आता कवचाला थरथर कशाने येते ते पाहू. प्रत्येक जिवंत पेशीला आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट नावाचा एक छोटा पदार्थ लागतो. आपले शरीर कोलेस्टेरॉलसारखी द्रव्ये त्याच्यापासूनच बनविते. आपल्याकडे तो एका कृतीने तयार होतो. क्षयाचे जंतू, आतड्यातील अनेक जंतू आणि हिवतापाचा परजीवी तो अगदी निराळ्या कृतीने तयार करतात. दोन गिरण्यांतून एकच कापड बाहेर पडावे, पण मधल्या खात्यांतला अर्धवट माल वेगळा असावा, तसा हा प्रकार आहे. जंतूंच्या कृतीतील असा एक अर्धवट माल एचएमबीपीपी या आद्याक्षरांनी ओळखला जातो. माणसाच्या स्वतःच्या पेशी तो कधीच बनवीत नाहीत. म्हणून तो पेशीत सापडला की, आत परका आला आहे हे ठरले! आणि गॅमा-डेल्टा पेशींना चेतविण्यात तो आपल्या घरच्या पदार्थापेक्षा हजारो पटींनी प्रभावी आहे. उलट पू आणणारे स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस हे जंतू आपल्यासारखीच कृती वापरतात. त्यांच्यापाशी ही खूण नसते.

पण श्रोतेहो, हा माल तर पेशीच्या पोटात आहे आणि पहारेकरी बाहेर उभा आहे. आतली बातमी भिंतीपलीकडे जाते कशी? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे अडवून धरले. प्रयोगशाळेतील उंदीरही येथे कामाला येईना, कारण उंदरांत ही विशिष्ट व्यवस्थाच नाही.

उत्तराचा धागा सापडला तो ब्युटिरोफिलिन नावाच्या प्रथिन-कुळात. हे नाव लोण्यावरून पडले आहे. कुळातील पहिले प्रथिन गाईच्या दुधातील स्निग्ध कणांच्या आवरणात मिळाले होते. त्याच कुळातील ३ए१ नावाचे प्रथिन आपल्या पेशींच्या भिंतीत आरपार रोवलेले असते, एक टोक आत आणि एक बाहेर. हे प्रथिन या कामी अत्यावश्यक आहे, असे २०१२ साली दिसून आले. पुढे कळले की, त्याच्या आतल्या टोकाला एक खाच आहे आणि एचएमबीपीपी नेमका त्या खाचेत बसतो. २०२० साली दोन संशोधक गटांनी त्याचा जोडीदार दाखविला, तो २ए१. गॅमा-९ साखळी या जोडीदाराला प्रत्यक्ष पकडते. २०२३ साली आणखी एक दुवा जुळला. खाचेत बसलेला तो इवलासा पदार्थ आतल्या बाजूने या दोन प्रथिनांना डिंकासारखा चिकटवितो.

म्हणजे क्रम असा. जंतूचा माल आत आला, ३ए१ च्या खाचेत बसला, २ए१ त्याला येऊन चिकटला, त्यामुळे भिंतीबाहेर या प्रथिनांची मांडणी अशी झाली की गॅमा-डेल्टा पेशीच्या पंजाला ती पकडता यावी. पहारेकऱ्याने जंतू पाहिलाच नाही. त्याने आपल्याच पेशीच्या कवचातला बदल ओळखला.

एवढ्याने काम भागत नाही. एका सहीवर हल्ल्याचा हुकूम सुटत नाही. ताणाखाली सापडलेली पेशी अंगावर काही खास प्रथिने उभी करते आणि ती पहारेकऱ्याच्या दुसऱ्या एका ग्राहीला लागतात. शिवाय इंटरल्यूकिन-२ व १५ यांसारखे रासायनिक निरोप आले, तर पेशींची संख्या झपाट्याने वाढते. उलट दिशेने हात आवरून धरणारे ग्राहीही असतातच. या साऱ्यांचा मेळ बसला की पेशी इंटरफेरॉन-गॅमासारखी द्रव्ये सोडते, बाधित पेशीला भोके पाडून मारते, आणि २००५ साली दिसले त्याप्रमाणे, स्वतः तबक धरून अल्फा-बीटा पेशींना जंतूचे तुकडेही दाखविते. आतड्यात व त्वचेत राहणाऱ्या डेल्टा-१ जातीच्या पेशींना मात्र हा जंतूचा माल जागे करीत नाही. त्यांच्या खुणा निराळ्या असतात.

घरचा माल अतोनात साठला तरीही हाच गजर वाजतो. हाडांसाठी शिरेतून दिले जाणारे पॅमिड्रोनेट हे औषध घेतल्यावर काही रुग्णांना ताप येई. अशा रुग्णांच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या आढळल्याचे १९९९ साली जर्मनीतील डॉक्टरांनी नोंदविले. पुढे कारण उलगडले. असे औषध आपल्या कृतीतील पुढचे खाते बंद पाडते आणि मागचा माल तुंबतो. काही कर्करोगग्रस्त पेशींतही तो माल जास्त साठतो. म्हणून या पेशींना कर्करोगाविरुद्ध उभे करण्याचे प्रयत्न झाले. काही रुग्णांना गुण आला, पुष्कळांना आला नाही. एक कुलूप उघडले तरी बाकीची कुलपे राहतात, हे त्यावरून ध्यानात येते.

तेव्हा बाटली विकणाऱ्याला शांतपणे एवढेच विचारा: ‘बाबा रे, तुझे औषध कोणत्या खाचेत बसते? कोणत्या पेशीला जागे करते? आणि अकारण जागी झाली तर तिला आवरते कोण?’ अवेळी पेटलेली प्रतिकारशक्ती स्वतःच ताप आणते, हे आपण आताच पाहिले.

क्षयाचा जंतू ज्यांच्या शरीरात शिरतो, त्यांपैकी शंभरात पाच ते दहाच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांना सांभाळण्यात शरीराच्या अनेक पहारेकऱ्यांचा वाटा असतो. गॅमा-डेल्टा पेशी त्यांतील एक. पण जे आजारी पडले, त्यांचे पहारेकरी एकटे पुरे पडले नाहीत हे उघड आहे. त्यांना औषधाची जोड हवी. साध्या क्षयाला ती निदान सहा महिने, एकही दिवस न चुकविता हवी, आणि सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या. धुळीच्या खात्यात काम असेल तर धूळ ओढून घेणारा पंखा मागा, आणि तो बसेपर्यंत मागत राहा. बाटलीचे पैसे घरात दूध-अंड्यांना लागू द्या.