जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या उपकरणाची निवड

पिकास पाणी केव्हा व किती द्यावे, हा बागायती शेतीतील नित्याचा प्रश्न होय. अनुभवी शेतकरी मूठभर माती दाबून, ढेकूळ फोडून अगर पानांचा तजेला पाहून वाफशाचा अंदाज बांधीत आला आहे. हा अंदाज टाकाऊ नव्हे; परंतु फूट-दीड फूट खोलीवर, जेथे मुळे पाणी शोषून घेतात, तेथील स्थिती वरून कळत नाही. ती कळावी म्हणून आता अनेक प्रकारची उपकरणे मिळू लागली आहेत. मात्र एका जमिनीत उपयोगी पडलेले उपकरण दुसऱ्या जमिनीत फसवे ठरू शकते. यास्तव उपकरण नेमके काय मोजते व आपली जमीन कशी आहे, या दोन गोष्टी खरेदीपूर्वी ध्यानी घ्याव्यात.

दोन निरनिराळी मापे

मातीत पाणी किती आहे, हे एक माप. आणि माती ते पाणी किती जोराने धरून ठेवते, हे दुसरे. पाण्याचे प्रमाण सारखेच असूनही रेताड जमिनीतील पीक टवटवीत व चिकण जमिनीतील पीक कोमेजलेले असू शकते. कारण चिकण मातीचे सूक्ष्म कण पाणी घट्ट धरतात. पाणी केव्हा द्यावे हे ठरविण्यास दुसरे माप अधिक सोयीचे, तर किती द्यावे हे ठरविण्यास पहिले.

टेन्शिओमीटर

पाण्याने भरलेली नळी, तिच्या टोकास सच्छिद्र चिनीमातीची कुपी व वर निर्वातमापक, एवढीच याची रचना. माती कोरडी होऊ लागली की ती कुपीतून पाणी ओढून घेते व काटा वर चढतो. काटा ० ते १० सेंटिबारमध्ये असल्यास जमीन पाण्याने भरलेली समजावी. बहुतेक मध्यम जमिनींत ३० ते ६० सेंटिबारच्या दरम्यान पाणी देण्याची वेळ येते. रेताड जमिनीत ती याहून लवकर येते. सुमारे ८० सेंटिबारपलीकडे नळीत हवा शिरते व उपकरण निरुपयोगी होते. म्हणून हलकी व मध्यम जमीन, भाजीपाला, फळबाग व ठिबक सिंचन यांस हे योग्य. भेगा पडणाऱ्या भारी काळ्या जमिनीत कुपीचा मातीशी संबंध तुटतो, हे लक्षात असू द्यावे.

जिप्समची वडी

जिप्सममध्ये दोन विद्युत्अग्रे बसवून ही वडी तयार करतात. वडी ओली असता विजेस होणारा विरोध कमी, सुकली असता अधिक. १९४० मध्ये बोयुकस व मिक या संशोधकांनी ही रीत प्रसिद्ध केली. वडी स्वस्त असून कोरड्या स्थितीतही माप देते. म्हणून पाण्याच्या पाळ्या लांब अंतराने देण्याच्या पिकांस ती सोयीची. परंतु भरपूर ओलाव्यात तिचे माप स्थूल असते, आणि सतत ओल्या जमिनीत ती हळूहळू विरघळते.

विद्युत् धारकतेवर चालणारे संवेदक

पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ व हवेचा १ असतो. या मोठ्या फरकावरून हे संवेदक पाण्याचे प्रमाण तत्काळ दाखवितात. काही तर भ्रमणध्वनीवर नोंद पाठवितात. मात्र खारवट जमिनीत ते प्रत्यक्षाहून अधिक ओलावा दाखवू शकतात, आणि भेगेत हवा राहिल्यास कमी. आपल्या मातीसाठी पडताळणी केल्याविना त्यांच्या आकड्यांवर विसंबू नये.

ओलाव्याचा केवळ अंदाज हवा असेल, त्यांच्यासाठी कोइमतूर येथील ऊस पैदास संस्थेने विकसित केलेले दर्शक उपकरण आहे. रंगीत दिव्यांवरून ओलावा पुरेसा आहे की कमी, हे ते सांगते.

बसविण्याची रीत

उपकरण कितीही चांगले असले, तरी ते मातीस घट्ट भिडले नाही तर माप चुकते. नळीच्याच जाडीचे भोक पाडून त्यात मातीची पातळ राबडी ओतावी व मग उपकरण बसवावे. टेन्शिओमीटरची कुपी रात्रभर पाण्यात भिजवावी व नळीत उकळून थंड केलेले पाणी भरावे. एक उपकरण मुळांच्या मुख्य थरात व दुसरे त्याच्या तळाशी, असे जोडीने लावावे. खालचा काटा सदैव शून्याजवळ राहिल्यास पाणी वाया जात आहे असे समजून पाळी कमी करावी. अतिरिक्त पाण्याने कालव्याखालील सुपीक जमिनी चिबड व खारवट झाल्याचा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही.

पडताळणी

उपकरणाजवळील माती तोलून ती १०५ अंश सेल्सिअस तापमानात २४ तास वाळवावी व पुन्हा तोलावी. १२० ग्रॅम ओली माती वाळून १०० ग्रॅम भरल्यास वजनी ओलावा २० टक्के होय. धारकतेच्या संवेदकाशी तुलना करताना या आकड्यास मातीच्या घनतेने गुणावे. कारण तो संवेदक आकारमानाचे प्रमाण दाखवितो. ही सोय माती परीक्षण प्रयोगशाळेत असते.

प्रथम एकाच शेतात एक जोडी लावावी, रोज सकाळी ठराविक वेळी नोंद ठेवावी, आणि एक हंगाम तिचा पिकाच्या स्थितीशी मेळ घालून पाहावा. त्यानंतरच अधिक खर्च करणे शहाणपणाचे होईल.