थांबलेलें यंत्र आणि घरांतले हात

हौशी माणसाच्या घरीं पूर्वीं रंधा, पटाशी आणि करवत असे. आतां नवी मुंबईंतल्या एखाद्या सदनिकेच्या सज्ज्यांत सी.एन.सी. राउटर आढळतें. संगणकानें आंखून दिलेल्या रेषेवरून फिरत्या बिटानें लाकूड कोरणारें हें यंत्र. देव्हाऱ्याची जाळी, दारावरची नांवाची पाटी असलीं कामें तें सफाईनें करतें. त्याचा एक प्रचलित लहान प्रकार ३०१८ या आंकड्यानें ओळखला जातो. ३०० मिलिमीटर लांब व १८० मिलिमीटर रुंद एवढेंच त्याचें कार्यक्षेत्र. पण आकार पाहून कोणी फसूं नये.

हें यंत्र मूळचें कारखान्यांतलें. अंकांच्या आज्ञेवर चालणारें मिलिंग यंत्र अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें १९५२ सालीं लोकांस दाखविलें. त्याच संस्थेच्या सहकार्यानें २००२ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत, फॅब लॅब निघाली. पुढें २००९ मध्यें सिमेन स्वाले स्कॉग्सरूड या नॉर्वेच्या गृहस्थानें अर्डुइनोच्या स्वस्त पट्टीवर चालणारी ‘ग्रबल’ ही आज्ञावली लिहिली, आणि यंत्र घरगुती खर्चाच्या आटोक्यांत आलें.

मोठ्या कारखान्यांत यंत्र आपलें बिट आपणच बदलतें. घरच्या यंत्राचें बिट मात्र माणसास बदलावें लागतें. खडबडीत कोरण्यास जाड बिट, नक्षीस टोकदार. एका पाटीसाठीं दोनतीन वेळां तरी स्पिंडलखालीं हात घालून दोन पान्यांनीं कोलेट सैल करणें आलें. सारा धोका येथेंच आहे, कारण त्या वेळीं यंत्र निमूट उभें असतें.

‘एम ०’ या आज्ञेनें काम थांबतें खरें. पण ग्रबलमध्यें ती आज्ञा फक्त सरकणें थांबविते, स्पिंडल फिरतच राहतो. त्याकरितां आधीं ‘एम ५’ लिहावें लागतें, आणि गति पूर्ण ओसरावी म्हणून ‘जी ४’ नें कांहीं सेकंद द्यावे लागतात. ज्या यंत्रावर सुताराचा ट्रिमर बसविलेला असतो, तेथें तर ‘एम ५’ हि व्यर्थ, कारण ट्रिमरचें बटन त्याच्या स्वतःच्या अंगावर! बिट बदलण्याची खास आज्ञा ‘एम ६’. ती ग्रबल १.१ ओळखतच नाहीं. आज्ञा पाठविणारे कांहीं प्रोग्राम ती गाळून पुढें जाऊं शकतात, आणि मग नाजुक नक्षीवर जाड बिट धांवतें.

ठाणें-बेलापूर पट्ट्यांत नोकरी केलेल्या वाचकांस कारखान्यांतली कुलपाची पद्धत ठाऊक असेल. यंत्रांत हात घालणारा मनुष्य मुख्य बटनास स्वतःचें कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवतो. चालत्या यंत्राशीं काम करण्याची मुभा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमानेंहि खास शिकविलेल्या, अंगाबरोबर कपडे घातलेल्या प्रौढ कामगारासच दिली होती. घरीं कुलूपहि नाहीं, कलमहि नाहीं. यंत्र सज्ज्यांत, संगणक आंतल्या खोलींत, पडद्यावर ‘पुढें चालू’ चें बटन. आणि एकत्र कुटुंबांत एखादा पुतण्या ‘काकांचें काम अडलें वाटतें’ म्हणून तें दाबणार नाहीं याची हमी कोणीं द्यावी?

आमच्या मतें यावर उत्तम तोड म्हणजे विरामच टाळावा. प्रत्येक बिटाची आज्ञावली निराळी लिहावी. एक संपली कीं यंत्र खरोखरीच मोकळें होतें, व चुकून चालू करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. बिट बदलतांना संगणक आपल्याजवळ घ्यावा आणि स्पिंडलची वीज तोडावी. मिक्सरच्या भांड्यांत हात घालण्यापूर्वीं घरांतल्या बायका पिन काढतात. पुरुषांना हें शहाणपण यंत्रशाळेंत कां सुचूं नये, नकळे. मात्र नियंत्रकाची वीज तोडूं नये, नाहींतर यंत्र आपली जागा विसरतें. म्हणून दोहोंच्या पिना वेगळ्या असाव्या. ३०१८ मध्यें स्पिंडलला वीज नियंत्रकावरूनच मिळते. तेथें त्या तारेंत निराळें बटन बसवून घ्यावें.

दुसरी अडचण हालण्याची. काम संपल्यावर ग्रबल मोटारी लगेच सैल सोडतें, आणि पाना फिरवितांना सांगाडा केसभर सरकला तरी नक्षी बिघडते. ‘डॉलर-एक’ या मांडणीची किंमत २५५ केली कीं मोटारी धरून राहतात. प्रत्येक बिटाची लांबी निराळी असल्यामुळें उंचीचें शून्य पुन्हां लावावें. आडवींउभीं शून्यें मात्र तशींच ठेवावीं. न कोरलेल्या एकाच कोपऱ्यावर कागद ठेवून, तो बिटाखालीं जेमतेम अडकेपर्यंत स्पिंडल हळूहळू खालीं आणावा. पाने बाजूस ठेवून, हात बाहेर काढून, मगच वीज जोडावी. ग्रबल १.१ मध्यें गति १० टक्क्यांपर्यंत कमी करतां येते; नव्या बिटाची पहिली फेरी तशीच संथ चालवून, बोट ‘फीड होल्ड’ वर ठेवून पाहावी.