वऱ्हाडांतील ख्रिस्ती मिशनकार्य आणि शरणागतीचें शिक्षण

मलकापूर हें नळगंगेच्या कांठचें गांव मुंबईहून नागपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. हा मार्ग इ. स. १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. तेव्हांपासून पश्चिमेकडून येणाऱ्या प्रवाशास खानदेश मागें टाकल्यावर वऱ्हाडाचें पहिलें दर्शन याच बाजूस घडूं लागलें. कापसाचे व्यापारी, सरकारी अंमलदार आणि अमेरिकेहून आलेले ख्रिस्ती उपदेशक हे सर्व याच वाटेनें आले. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचीं ठाणीं अकोला, खामगांव, बुलढाणा इत्यादि ठिकाणीं पडलीं, त्यांत मलकापूरही होतें. या मंडळींनीं लोकांस काय शिकविलें याची चर्चा अनुकूल-प्रतिकूल अशी पुष्कळ झाली आहे. परंतु येथें येण्यापूर्वीं व आल्यावर त्यांना स्वतःला काय शिकावें लागलें, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीनें आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. नम्रता व शरणागति हे त्या शिक्षणाचे मुख्य विषय होते.

अलायन्सचे संस्थापक अल्बर्ट बेंजामिन सिम्प्सन हे न्यूयॉर्कमधील एका प्रतिष्ठित प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. दरिद्री इटालियन वसाहतकऱ्यांस आपल्या मंडळींत घेण्याविषयीं सभासद नाराज दिसतांच त्यांनीं १८८१ सालीं ती भरपगारी जागा सोडली. पुढील वर्षीं त्यांनीं उपदेशक तयार करण्याची शाळा काढली. ती १८९७ सालीं हडसन नदीच्या कांठीं नायॅक येथें गेली. तेथें विद्वत्तेपेक्षां अंतःकरणाच्या तयारीस महत्त्व अधिक. आपली इच्छा, आपली प्रतिष्ठा व आपल्या निर्वाहाची काळजी हीं तिन्हीं देवाच्या स्वाधीन केल्यावांचून परदेशीं जाऊं नये, अशी तेथील शिकवण. ठराविक पगाराची हमी नसे. देणग्या येतील त्यांतून निर्वाहापुरतें मिळावयाचें.

हाच विचार मराठींत सांगूं लागतांच मोठी चमत्कारिक गोष्ट घडली. ‘शरण’, ‘लीन’ हे शब्द येथें संतांच्या तोंडीं कित्येक शतकें घोळलेले होते. ‘लीन’ म्हणजे नम्र, आणि ‘लीन’ म्हणजे विरघळून एकरूप झालेला. हे दोन्हीं अर्थ मराठी मनुष्य एकदमच ऐकतो. नायॅकच्या विद्यार्थ्यानें एका अर्थानें तो शब्द उच्चारावा आणि पंढरीची वारी केलेल्या श्रोत्यानें दोन्हीं अर्थांनीं घ्यावा, असा प्रकार होई. जी वस्तु आपण नवी म्हणून आणली तिचें नांव ऐकणाऱ्याच्या घरीं पूर्वींपासूनच आहे, हें कळणें हा देखील नम्रतेचाच एक पाठ होय.

खरा पाठ मात्र भाषेचा. नवीन आलेल्या उपदेशकाचीं पहिलीं एक-दोन वर्षें बहुधा पंडितापाशीं मराठी शिकण्यांत जात. जो सर्वांस शिकविण्यास आला त्यानें रोज सकाळीं एका हिंदु शिक्षकासमोर मुळाक्षरें घोटावीं व आपल्या उच्चारांस तो हंसला तर मुकाट्यानें पुन्हां म्हणावें! बरें, एवढ्यानें सुटका नव्हती. पुस्तकांत ‘मला’ शिकून बाजारांत जावें तों ‘मले’ कानीं पडावें; ‘काळा’ म्हणतां म्हणतां ‘काया’ ऐकूं यावें. पुणेरी वळणाची छापील मराठी आणि वऱ्हाडी बोली यांतील हें अंतर शेतकऱ्यापासूनच शिकावें लागे. आमच्या मतें या दुसऱ्या गुरूचा उपकार पहिल्याहून कमी नव्हे.

दुष्काळानें हेंच शिक्षण फार कठोरपणें दिलें. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत अलायन्सनें अनाथ मुलामुलींस आश्रय दिला. अकोल्यास काम केलेल्या जेनी फुलर यांचें हिंदी स्त्रियांच्या दुःखांविषयींचें इंग्रजी पुस्तक १९०० सालीं प्रसिद्ध झालें व त्याच सालीं त्या वारल्या.

स्वेच्छेनें दारिद्र्य पत्करण्याचें याहून जुनें उदाहरण मुंबईचे जॉर्ज बोवेन यांचें. १८४८ च्या आरंभीं ते अमेरिकन मिशनतर्फे आले. थोड्याच काळांत त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि देशी वस्तींत अगदीं साध्या जागेंत राहूं लागले. मायदेशीं ते परत गेले नाहींत. १८८८ सालीं मुंबईसच वारले. त्यांच्या हातून धर्मांतरें थोडींच झालीं, परंतु त्यांच्याविषयींचा आदर शहरांत सर्वत्र होता.

येथें एक शंका घेणें प्राप्त आहे. गोऱ्या पाळकानें मोठी जागा सोडून लहान व्हावें, हा त्याग खरा. परंतु ज्या महार-मांग बंधूंस समाजानें पिढ्यान् पिढ्या खालीं मान घालण्यासच शिकविलें, त्यांना नम्रतेचा उपदेश काय करावयाचा? त्यांस प्रथम मान वर करावयास शिकविणें अगत्याचें होतें, आणि मिशनच्या शाळांनीं तें पुष्कळ अंशीं केलेंही. उलटपक्षीं, हिंदी उपदेशकाच्या शरणागतींत देवाचा वांटा किती व मिशनच्या कमिटीचा किती, हा प्रश्न अनेक ठिकाणीं मनांतल्या मनांत धुमसत असे.

तो प्रश्न उघडपणें सोडविला रे. नारायण वामन टिळक यांनीं. नागपुराहून राजनांदगांवीं जात असतां १८९३ सालीं आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला, ही कथा प्रसिद्धच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशीं जात गेली, आप्त गेले, आणि पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें दुरावल्या. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास ठाऊक आहे कीं, या कविराजांची नम्रता मूळची नव्हती. संतापी, लहरी, हातांत पैसा न टिकणारा असा तो पुरुष. अहमदनगरास त्यांनीं ख्रिस्ती उपदेशकांच्या विद्यालयांत शिकविलें व पुढें पाळकाची दीक्षाही घेतली. तुकारामाच्या मार्गानेंच आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें ते सांगत. अशा मनुष्यास पगारी चाकरीची चौकट जाचावी यांत नवल नाहीं. १९१७ सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केलें आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही जागा होती. मिशनशीं वैर त्यांनीं धरिलें नाहीं. मात्र शरण जावयाचें तें एकासच, एवढें आचरणानें स्पष्ट केलें.

पुढें दोन वर्षांच्या आंतच, ९ मे १९१९ रोजीं, टिळक मुंबईस वारले. हातीं घेतलेलें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें, तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. आणि टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिलें तें जॅक विन्सलो या इंग्रज मिशनऱ्यानें, १९२३ सालीं. याच विन्सलोंनीं त्याच्या आदल्या वर्षीं अहमदनगर जिल्ह्यांत मिरी येथें ख्रिस्त सेवा संघ काढला होता. इंग्रज व हिंदी बंधूंनीं एका छपराखालीं, एका पंक्तीस बसून, देशी रीतीनें राहावें असा त्याचा नियम होता. १९२७ सालीं हा संघ पुण्यास आला.