पांढरे छप्पर आणि घाटमाथ्याचा पाऊस

शहराची हवा भोवतालच्या शिवारापेक्षा अधिक तापते, हे ल्यूक हॉवर्ड या अभ्यासकाने लंडनमधील नोंदींच्या आधारे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, आणि पुणे व मुंबई या शहरांतील तापमानफरकाचा अभ्यासही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस प्रसिद्ध झाला. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन शोषून रात्री ती उष्णता सावकाश बाहेर सोडतात, शिवाय झाडे व उघडी माती कमी झाल्यामुळे बाष्पीभवनाने येणारा गारवाही आटतो. या परिणामास ‘नागरी उष्णता बेट’ म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात मलकापूरसारखे लहान नगर सोडले तर वाड्या, शेते आणि सह्याद्रीचे जंगलच अधिक, त्यामुळे असे बेट तेथे शोधण्यात फारसा अर्थ नाही. तरीही शीतल पृष्ठभागांचे संशोधन या तालुक्यालाही लागू पडते, कारण हवा तापायला सबंध शहर लागते, पण घर तापायला एक छप्पर पुरते.

छप्पर उन्हात किती तापेल हे मुख्यतः दोन गुणधर्मांवर ठरते. पहिला परावर्तकता, म्हणजे पडलेल्या उन्हापैकी किती हिस्सा पृष्ठभाग परत फेकतो याचे प्रमाण. आणि दुसरा उत्सर्जकता, म्हणजे शोषलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्याची क्षमता. निरभ्र दुपारी छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट सौरशक्ती पडते असे धरले, तर ०.२ परावर्तकतेचे काळवंडलेले छप्पर त्यातील ८०० वॅट शोषते आणि ०.८ परावर्तकतेचे पांढरे छप्पर केवळ २०० वॅट. नवा जस्ती पत्रा चकाकतो, ऊनही बऱ्यापैकी परतवतो, परंतु त्याची उत्सर्जकता फार कमी असल्यामुळे शोषलेली थोडी उष्णताही त्याला सहज टाकता येत नाही, आणि म्हणूनच चकचकीत पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. त्याच पत्र्यावर पांढरा रंग दिला की उत्सर्जकता ०.९ च्या आसपास जाते. कौलारू घराची गोष्ट वेगळी होती: कौलांच्या फटींतून हवा खेळत असे आणि छपराखालच्या माळ्यामुळे उष्णता थेट माणसांपर्यंत पोहोचत नसे, ती घरे जाऊन पत्रा आणि स्लॅब आले, तेव्हा हा आडोसाही गेला. ज्यांना लाल छपराचे रूप मोडायचे नाही त्यांच्यासाठी शीत रंगद्रव्यांचा पर्याय आहे, कारण सूर्याची जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते आणि ही रंगद्रव्ये लाल दिसूनही तो भाग परतवतात.

भारतात शीतल छपरांच्या उपायाला धोरणाचे रूप आले ते उष्णतेच्या लाटांमुळे. मे २०१० मधील लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा आला, २०१६ मध्ये नागपूरने तसा आराखडा स्वीकारला, आणि २०१७ मध्ये अहमदाबादेत सुमारे ३,००० छपरांना पांढरा लेप देण्यात आला. तेलंगणने एप्रिल २०२३ मध्ये शीतल छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर करून २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरांचे उद्दिष्ट ठेवले.

मात्र हे सगळे उष्ण आणि तुलनेने कोरडे प्रदेश आहेत. शाहूवाडीत आंबा गाव आणि विशाळगडाच्या बाजूला महिनोन्महिने धो धो पाऊस पडतो, आणि त्या ओलीत पांढऱ्या पृष्ठभागावर शेवाळ व बुरशी धरते, त्यामुळे पहिल्या वर्षीचा पांढरेपणा पुढे टिकत नाही. अमेरिकेत छपरांच्या लेपांचे मूल्यमापन करताना नमुने कोरड्या ॲरिझोनात, समशीतोष्ण ओहायोत आणि दमट फ्लोरिडात तीन वर्षे उघड्यावर ठेवून मगच त्यांची परावर्तकता पुन्हा मोजतात. शाहूवाडीच्या ग्राहकाने डब्यावरील नव्या लेपाच्या आकड्यापेक्षा अशा दमट हवेतील जुन्या लेपाचा आकडा विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ मध्ये भर उन्हातही हवेपेक्षा ४.९ अंश सेल्सिअसने थंड राहणारा पृष्ठभाग तयार झाला खरा, पण तो आपली उष्णता ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी थेट अवकाशात टाकतो, आणि हवेतील बाष्प व ढग नेमकी हीच वाट अडवतात.

रस्त्यांबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. ॲरिझोनातील फिनिक्स शहरात फिकट लेप दिलेले रस्ते दुपारी साध्या डांबरी रस्त्यांपेक्षा सुमारे ६ अंश सेल्सिअसने थंड आढळले, तरी त्यांवरून परतलेले ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येऊन त्याला सोसावा लागणारा उष्णतेचा भार सुमारे ३ अंशांनी वाढला. बाजारपेठेच्या रस्त्याला लेपाऐवजी झाडाची सावली देणे केव्हाही बरे.

छपरांच्या बाबतीत शाहूवाडीला नव्या यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक ही गवंड्यांच्या हातातली कामे आहेत, आणि त्यांत गळती व ऊन यांचा बंदोबस्त एकत्रच होतो. पत्र्यासाठी चांगल्या प्रतीचा पांढरा लेप पुरेसा आहे. चुन्याची सफेदी स्वस्त असली तरी घाटमाथ्याच्या पहिल्या पावसातच ती धुऊन जाते. लेपाचे काम मे महिन्याच्या ऐन उकाड्यात न काढता, पावसाळ्यातले शेवाळ घासून आणि छप्पर धुऊन फेब्रुवारीत उरकावे, आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी पत्र्याच्या अंगणवाड्या व शाळांची छपरे सर्वांत आधी हाती घ्यावीत.