घर न बांधण्याचा मोबदला

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन परगणा लागतो. पश्चिमेला टोमॅलिस खाडीच्या काठाने गवताळ टेकड्या आणि त्यांवर चरणाऱ्या दुभत्या गाई. एवढ्या मोठ्या शहराच्या वेशीवर ही कुरणं आपोआप मोकळी राहिलेली नाहीत. १९६०च्या दशकात इथे हमरस्ते आणि लाखभर लोकांची वस्ती आणायचे आराखडे तयार होते. १९७१मध्ये परगण्याने साठ एकरांमागे एकच घर असा नियम केला. पण आजच्या कारभाऱ्यांनी केलेला नियम उद्याचे कारभारी बदलू शकतात.

म्हणून १९८०मध्ये एलन स्ट्रॉस आणि फिलिस फेबर या दोघींनी मरीन अ‍ॅग्रिकल्चरल लँड ट्रस्ट उभा केला. निव्वळ शेतजमीन राखण्यासाठी स्थापन झालेला हा अमेरिकेतला पहिला खासगी ट्रस्ट. फिलिस जीवशास्त्रज्ञ, एलन स्वतः गोठा सांभाळणारी. सरकारी माणूस दिसला की सावध होणाऱ्या शेतकऱ्यांना ती आपल्यातली वाटे, आणि हीच ट्रस्टची खरी पुंजी ठरली.

ट्रस्ट सहसा जमीन घेत नाही. तिच्यावर घरं उठवण्याचा, तिचे तुकडे पाडण्याचा हक्क तेवढा घेतो. समजा, एखाद्या कुरणाला बाजारात २० लाख डॉलर येतात आणि बांधकामाला मनाई असेल तर १२ लाख. मधले ८ लाख ही त्या हक्काची किंमत. मालकी, वहिवाट, गुरं सगळं शेतकऱ्याचंच. जमीन विकायचीही मुभा. मात्र आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तशी ही अट दस्तात चढते, ती कायमची. ट्रस्टची माणसं दरवर्षी जमिनीवर फिरून ती पाळली जाते का, हे पाहतात.

हाच हक्क कोणी दान केला तर केंद्रीय प्राप्तिकरात वजावट मिळते. एरवी ती वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत, पात्र शेतकऱ्याला संपूर्ण उत्पन्नाइतकी. उरलेली रक्कम पुढची १५ वर्षं वापरता येते. २०१५च्या अखेरीस ही सवलत कायम झाली. काही गुंतवणूकदारांनी टोळक्याने जमिनी घेऊन, किमती फुगवून तिचा इतका गैरफायदा घेतला की २०२२मध्ये कायद्याने अशा वजावटींना वेसण घालावी लागली.

ज्याचं उत्पन्नच बेताचं, त्याला वजावटीचा उपयोग किती? भावंडांचे वाटे चुकते करायला, गोठ्याचं कर्ज फेडायला रोकड लागते. मरीनने रोख मोबदल्यावर भर दिला, तो मला म्हणूनच अधिक न्याय्य वाटतो. १९८८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कर्जरोख्यांना कौल दिला, त्यातून ट्रस्टला दीड कोटी डॉलर मिळाले. आज ५० हजारांहून अधिक एकर राखलेले आहेत.

तरी एक फट राहिलीच होती. नवीन घरं नाहीत, पण शेती केलीच पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. एखाद्या धनिकाने कुरण घेऊन नुसतं निसर्गदृश्य म्हणून ठेवलं, तर गाई जाणार आणि शेतकऱ्याला परवडेल असा भावही जाणार. त्यामुळे ट्रस्टने नंतरच्या करारांत जमीन शेतीतच वापरायची सक्ती घातली, आणि जुन्या करारांतही ती आणण्यासाठी मालकांना पुन्हा मोबदला देऊ केला.